कुंपण ज्याचं त्यानं काढावं

हिंटरमोस, १४ सप्टेंबर

माननीय श्री. सेराफिन ट्रॉयर, ब्रेमेन,

आपण आमच्या गावी स्कीइंगच्या सुट्टीसाठी येण्याचा बेत करीत आहात हे वाचून प्रवासी कार्यालयाला आनंद झाला. कार्यालय म्हणजे मीच. आधी हे काम बघणारे शाळामास्तर थकले, त्यांनी खुर्ची सोडली, तेव्हापासून पोस्टाशेजारच्या या खोलीत बसून पाहुण्यांना उत्तरं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. हे आपल्याला ठाऊक नसावं. असतं तर आपण इथे लिहिलंच नसतं, असा माझा अंदाज आहे.

आपण कळवलं आहे: दोन माणसं, पती-पत्नी. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. उतारावरचं नको, सपाटीवरचं लांब पल्ल्याचं स्कीइंग. अनुभव, 'नवशिके'. गावाची माहिती कुठून मिळाली, तर 'ओळखीच्यांकडून'.

ठीक आहे. पाहुणा सांगेल त्यावर कार्यालय विश्वास ठेवतं.

तर नवशिक्यांसाठी. स्की आणि काठ्या विकत घेऊ नयेत, लोइसच्या शेडमध्ये भाड्यानं मिळतात. बूट मात्र पायात घालून, अंगणात चार पावलं चालून मगच घ्यावेत. जाड कोट आणू नये. चालायला लागलं की घाम फुटतो आणि थांबलं की तोच घाम गारठवतो. हातमोजे दोन जोड. दुपारी बार्लीचं गरम सूप सगळीकडे मिळतं.

राहण्यासाठी गावात तीन-चार घरं आहेत. ट्रॉयर यांच्या घरीही पाहुणे ठेवतात. तिथली वरच्या मजल्यावरची मागची खोली रिकामी असते, पण ती आजवर कुणाला दिलेली नाही. का, हे घरमालकाला विचारायची कुणाची छाती नाही. मी त्यांची मुलगी असूनही नाही.

आता वाट. गावातून निघून नदीच्या कडेनं दरीच्या वरच्या टोकाच्या चर्चपर्यंत जाते. पूर्वी सगळी सपाट होती. आता मधल्या एका कुरणाला कुंपण आहे, त्यामुळे वाट तिथून वळून जंगलात चढते आणि पलीकडे एका वाईट वळणावर उतरते. नवशिक्यांनी त्या वळणाला स्की काढून चालत जावं. कुरणाचा मालक परगावी असतो. तो कोण हे गावात विचारू नये, न विचारताच सांगतील.

कळावे,
बु. ट्रॉयर, कार्यालयाकरिता

ता. क. ब्रेमेनला डोंगर अजिबात नाहीत म्हणे. वर बघून मान तरी दुखत नसेल.


हिंटरमोस, ५ ऑक्टोबर

माननीय महोदय,

आपलं उत्तर मिळालं. आपण मला 'महोदया' म्हटलंत आणि सविस्तर माहितीबद्दल आभार मानलेत. बरं. मीही मग त्याच सुरात लिहिते.

आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं. एक, जंगलातला चढ खरोखरच अवघड आहे. दोन, आपल्या पत्नी मांस खात नसतील तर चीजचे गोळे, बटाटे, कोबी असं पोटभर मिळेल. उपाशी राहणार नाहीत. तीन, 'पूर्वी बर्फात स्कीसाठी हाताने चाकोरी पाडणारे एक म्हातारे गृहस्थ होते, ते अजून आहेत का?'

आहेत. कासियान ट्रॉयर. लोइसचं यंत्र येण्याआधी बर्फ पडला की पहाटे तेच जड स्की चढवून निघायचे आणि गाव उठायच्या आत दोन सरळ चाकोऱ्या वरच्या चर्चपर्यंत तयार असायच्या. आता चाकोरी यंत्र पाडतं आणि ते मागून जाऊन ती वाकडी आहे म्हणून सांगतात.

त्यांचं अजून एक आहे. मेणबत्त्यांच्या सणाला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, ते स्कीवरून वरच्या चर्चला जातात आणि बायकोच्या थडग्यावर मेणबत्ती लावतात. ती वरच्या गावची. लग्नाआधी ते याच वाटेनं तिला भेटायला जायचे. मी म्हटलं, मोटारीनं नेते. तर म्हणाले, "मोटारीनं तिला भेटायला मी कधी गेलो नाही. ओळखणार नाही ती."

गेल्या फेब्रुवारीत ते जंगलातल्या त्या वळणावर पडले. कंबरेचं हाड. लोइस यंत्र घेऊन परतत होता म्हणून सापडले, नाहीतर आज आपल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वेगळं द्यावं लागलं असतं. उन्हाळाभर काठी घेऊन चालले. परवा डॉक्टरीणबाई तपासायला आल्या.

"कासियानकाका, स्की आता बंद."

"मग पाय तरी कशाला ठेवता? तेही घेऊन जा."

"बरं बाबा, सपाटीवर. फक्त सपाटीवर. एकसुद्धा चढ चालणार नाही."

"या दरीत सपाट वाट एकच आहे," ते म्हणाले, "आणि तिला कुंपण आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर तेच कुंपण दिसतं.

आपण विचारलंत म्हणून लिहिलं. सुट्टीच्या बेताशी याचा काही संबंध नाही.

बु. ट्रॉयर


हिंटरमोस, २२ ऑक्टोबर

सेराफिन,

पुरे झालं महोदय-महोदया. तू पाठवलेला कागद समोर आहे आणि माझं डोकं फिरलंय.

'मी, खाली सही करणारा, माझ्या कुरणातलं कुंपण काढण्याची लोइस यांना परवानगी देत आहे.' खाली सही, तारीख. शिक्कासुद्धा! शिक्का कुठून आणलास रे? ब्रेमेनमध्ये कुंपण काढायला शिक्का लागतो का?

तू इथे जन्मलास. मार्टिनीच्या दिवशी बाबांचं बोट धरून कुरणात जायचास. तरी मीच सांगायचं का? मग ऐक. मार्टिनीच्या सणाला, म्हणजे अकरा नोव्हेंबरला, दिवेलागणीच्या आत, ज्याचं कुरण त्यानं स्वतःच्या हातानं गुरांसाठी रोवलेले आपले खांब उपटायचे आणि आडवे टाकायचे. आडवा खांब म्हणजे हो, या माझ्या जमिनीवरून. उभा खांब म्हणजे नाही. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाला सांगत नाही, आणि दुसऱ्याच्या खांबाला कुणी हात लावत नाही. आपल्या पणजोबांच्या आधीपासून असंच आहे. म्हणून तर या दरीत वाटेवरून कधी कज्जा झाला नाही. तुझा सोडून.

तरीही मी कागद घेऊन लोइसकडे गेले. म्हटलं, बघू. त्यानं तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिला.

"बुर्गा, मला या गावात अजून राहायचंय."

"सही आहे त्याची."

"सहीला हात असतात का?"

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात. माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला.

"कुणाचा?"

"कार्यालयाचा."

"असं. कार्यालयाला खांब उपटता येतात का?"

"नाही."

"मग चुलीत घाल."

त्यांना सगळं ठाऊक आहे, सेराफिन. मी बोलले नाही, पण पोस्टमन बोलतो. गेली सात वर्षं त्यांनी तुझं नाव उच्चारलेलं नाही, आणि तरी दर मार्टिनीला दुपारी टोपी घालून तुझ्या कुंपणापर्यंत जातात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "खांब कुजलेत का ते."

आईनं ते कुरण तुझ्या नावावर केलं. तू ते हॉटेलवाल्याला द्यायला निघालास. बाबा खाणावळीत, सगळ्या गावासमोर म्हणाले की आईची जमीन विकणारा माझा मुलगा नाही. तू विकलं नाहीस. पण दुसऱ्या दिवशी भर वाटेवर कुंपण घातलंस आणि गेलास. दोघंही तेव्हापासून हट्टाला पेटलेले. मी कुणाचीच बाजू घेत नाही. मला दोघांचा सारखाच कंटाळा आलाय.

एवढंच सांगते. बाबांना यंदा आईकडे जायचंय. दुसरं काहीच नकोय त्यांना. आणि तू फेब्रुवारीत येणार, तेव्हा जमीन लोखंड झालेली असेल. उशिरा काढायला मनाई नाही, पण तेव्हा खांब हलत नाही, हे तुला माहीत आहे.

बुर्गा


हिंटरमोस, ३ नोव्हेंबर

माननीय श्री. ट्रॉयर,

आपलं उत्तर नाही. तेव्हा कार्यालय आपल्याला सुट्टीबद्दल नवा सल्ला देऊ इच्छितं.

आमच्या मते स्कीइंगच्या सुट्टीसाठी हिंटरमोसला येण्याचा सर्वांत उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बर्फ नसतो. खाणावळ बंद असते, कारण मालक स्वतः सुट्टीवर जातो. लोइसची शेड बंद. दरीत दुपारपर्यंत धुकं असतं, त्यानंतर ऊन येईल असं वाटतं आणि येत नाही. बघण्यासारखं काही नाही, करण्यासारखं काही नाही. गर्दीचा प्रश्नच नाही, अख्ख्या गावात पाहुणा म्हणून आपण एकटेच असाल.

कार्यालय या काळाची मनापासून शिफारस करतं.

सोबत आणण्याच्या वस्तू: जाड कातडी हातमोजे, जुने कपडे, पहार. पहार नसल्यास इथे मिळेल. स्की नको.

यंदा थंडी लवकर उतरली आहे. गोठ्यामागे, जिथे सावली असते तिथे, काल सकाळी जमीन टाचेखाली वाजली.

बु. ट्रॉयर


हिंटरमोस, १२ नोव्हेंबर

सेराफिन,

तू आलास.

गाडी चर्चमागे लावलीस. या गावात गाडी लपवायला जागा आहे असं तुला अजून वाटतं, म्हणजे तू खरंच ब्रेमेनचा झालास. बेकरीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा तू हातमोजेसुद्धा चढवले नव्हतेस.

तुला वाटलं असेल कुणी पाहिलं नाही. बाबा खिडकीशी होते. मी बटाटे सोलत होते.

"कोण आहे हो?" मी विचारलं, ठाऊक असून.

"उपटतोय कुणीतरी."

मी बटाटा सोलते, ते बघतात.

"गाढव आहे," एकदम म्हणाले. "आधी हलवायचा, मग फिरवायचा, मग ओढायचा. हा नुसता ओढत बसलाय. कंबर जाईल."

"जाऊन सांगू का?"

"आपल्याला विचारलंय का कुणी?"

मी पुढचा बटाटा घेतला. थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, "हां. आता हलवतोय," आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले. तू एकेक खांब काढून आडवा टाकत होतास आणि ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते तसे कळू देतात थोडंच.

शेवटचा खांब गोठ्याच्या सावलीतला. तिथे ऊन येत नाही, जमीन धरली होती. तू पहार मारलीस, खांद्यानं रेटलंस, लाथ मारलीस. मला इथून ऐकू येत होतं. मग दिवेलागण झाली, पोरं मार्टिनीचे कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्यानं यायला लागली, तसा तू पहार टाकलीस आणि निघून गेलास. घरापासून हाकेच्या अंतरावर होतास. मी बदक भाजलं होतं. ताटं तीन मांडली होती. बाबांनी मोजली.

मला तुझा फार राग आला. रडायला आलं आणि रागानं रडले. बदक करपलं ते वेगळंच. पत्नीला सांग, तुमच्या नवऱ्याची बहीण मूर्ख आहे, तिनं तिसऱ्या ताटात वाढलंसुद्धा होतं.

आज सकाळी लोइस आला. म्हणाला, "एकच तर खांब उरलाय, मी बाजूनं काढतो वाट."

"उभा आहे की आडवा?" बाबांनी विचारलं.

"उभा, पण..."

"उभा म्हणजे नाही."

"अहो कासियानकाका, तुमच्यासाठीच म्हणतोय मी! पोरानं एवढे उपटले..."

"माझ्यासाठी म्हणूनच सांगतो. माझ्यासाठी नियम वाकवलास तर उद्या प्रत्येकाच्या म्हाताऱ्यासाठी वाकवशील."

असा माणूस. लोइस डोक्याला हात लावून गेला. नंतर बाबा ढकलगाडी घेऊन बाहेर पडले. कुठे, म्हटलं, तर म्हणाले, शेण टाकायला. नोव्हेंबरात कुरणावर शेण कोण टाकतं?

बुर्गा


हिंटरमोस, १६ जानेवारी

माननीय श्री. ट्रॉयर,

'कंबर दुखावल्याने आणि ठरवलेलं काम पूर्ण न झाल्याने फेब्रुवारीचा बेत रद्द करावा' असं आपलं पत्र आलं. बेत रद्द होणार नाही. कार्यालयाला तसा अधिकार नाही, आणि असला तरी मी वापरणार नाही.

आता महोदय बाजूला ठेव आणि नीट वाच.

बर्फ भरपूर आहे, कोरडा आणि चांगला. लोइसनं वाट पाडली आहे. खालून येते ती तुझ्या त्या खांबापाशी थांबते, वरून येते तीही तिथेच थांबते. मधे खांब. पाहुणे विचारतात, हे काय आहे? मी सांगते, आमच्याकडची पद्धत आहे. लोक सध्या जंगलातून जातात आणि शिव्या देतात.

आणि खांबाभोवती काय आहे ते सांगते. लीद.

तुझ्या मार्टिनीच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा तिथे ताजी लीद नेऊन टाकतात. गाईचं शेण लवकर गार होतं म्हणून खालच्या आळीतल्या घोड्यांची आणतात. वर पेंढा, पेंढ्यावर पोती. चार दिवसांनी जुनी काढायची, नवी घालायची. काठी टेकत ढकलगाडी ढकलतात, मला हात लावू देत नाहीत. रोज सकाळी बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालतात, आणि घरी येऊन एवढंच म्हणतात, "गरम आहे." मग हात धुऊन कॉफी पितात. आधी मला किळस आली. आता मीच दारात साबण घेऊन उभी असते.

सगळीकडे जमीन दगड झाली आहे, सेराफिन. तेवढी ढकलगाडीभर जमीन मऊ ठेवली आहे त्यांनी.

गाव आधी हसलं. खाणावळीत कुणीतरी म्हणालं, "कासियान, दुसऱ्याच्या खांबाला हात लावायचा नाही ना? मग हे काय?"

"खांबाला नाही लावला."

"पण कुरण तर त्याचंच."

"खत टाकलं म्हणून कुणी भांडल्याचं मी अजून ऐकलं नाही," बाबा म्हणाले, "आणि त्याला भांडायचं असेल तर येईल की इथे."

यावर सगळे जे हसले, त्यानंतर हसणं थांबलं. आता घोडेवाले लीद स्वतःच आणून टाकतात. काल डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनीही हात घालून पाहिला. ऊब आहे म्हणाल्या.

मी काल बाबांना स्पष्ट विचारलं. "तो नाही आला तर?"

त्यांनी मेणाचा डबा उघडला. स्की खाली काढून ठेवले आहेत, लाकडी, जुने. संध्याकाळी बसून त्यांना मेण लावतात. लावून झालं की पुसतात आणि पुन्हा लावतात. त्यांना भीती वाटते. मी त्यांची मुलगी आहे, मला दिसतं. पुढच्या वर्षी ते सपाटीवरही जाऊ शकतील का, हे त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही.

कंबर दुखते तर दुखू दे. त्यांचीही दुखते.

तुमच्यासाठी वरच्या मजल्यावरची मागची खोली ठेवली आहे. बाबांनी स्वतः तिथली शेगडी साफ केली. मी विचारलं, कुणाला द्यायची? तर म्हणाले, "कार्यालयाला विचार."

बुर्गा


हिंटरमोस, ३ फेब्रुवारी, सकाळी

सेराफिन,

या पत्राला तिकीट लागत नाही. तुमच्या खोलीच्या दाराखालून सरकवते आहे. तुम्ही दोघं अजून झोपलेले आहात, आणि माझ्यासारखीला तोंडावर बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. इतके महिने सवय झाली.

काल तुझी पाठ होती, म्हणून जे तू पाहिलं नाहीस तेवढंच लिहिते.

तू पोती बाजूला केलीस, पेंढा काढलास, ती वाफाळलेली लीद पाहिलीस आणि तसाच उभा राहिलास. व्हीब्केनं मला हळूच विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "वहिनी, माझ्या बापाचं पत्र आहे. त्यांना लिहिता येत नाही असलं काही." तिला समजलं. चांगली आहे तुझी बायको. स्कीवर सारखी पडते, पण पडून हसते.

मग तू खांब धरलास. हलवलास, फिरवलास, ओढलास, त्याच क्रमानं. खांब सुटला आणि तू त्याला छातीशी धरून बर्फात उताणा पडलास. जमलेलं गाव ओरडलं, लोइसनं यंत्राचा भोंगा वाजवला. तेव्हा बाबा तुझ्या मागे उभे होते. त्यांनी टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी, दोन्ही हातांनी. तू उठेपर्यंत ती पुन्हा डोक्यावर होती.

तुला ऐकू गेलं ते फक्त, "चल, नवशिक्या. मागे राहा. माझ्या चाकोरीत चाल." आणि तू चकित होऊन माझ्याकडे पाहिलंस. हो, तुला लिहिताना मी पोस्टमनवर ढकललं, पण मीच सांगितलं होतं त्यांना तू काय लिहिलंस ते. सप्टेंबरमध्येच. ते एवढे हसले होते की मला वाटलं, खोकला लागला.

लोइसनं तुझ्या कुरणातून वाट जोडली. तुम्ही निघालात, ते पुढे आणि तू मागे. ते फार सावकाश जात होते. तुला दोन ढांगांत पुढे जाता आलं असतं. तू गेला नाहीस. वळणापर्यंत मी पाहत होते. नंतर मला दिसेना, धुकं नव्हतं तरी.

वरच्या चर्चपाशी तुम्ही काय बोललात ते मी विचारणार नाही. काहीच बोलला नसाल, मला माहीत आहे तुम्हा दोघांना.

परतल्यावर तू लगेच झोपायला वर गेलास. बाबा खाली बसले होते, बूट काढून, पाय शेगडीकडे करून. खूप दमले होते. मी म्हटलं, झालं ना मनासारखं? आता त्या कुरणाचं काय करायचं? आडवे खांब सगळे मी चुलीसाठी फोडून ठेवू?

"फोडू नकोस!" केवढ्यानं ओरडले. "मे महिन्यात गुरं चरायला जातील. कुंपण नको का?"

"मग लोइसला सांगते, तो रोवेल."

"लोइसचं कुरण आहे का ते?" ते म्हणाले. "ज्याचं त्यानं रोवायचं. आणि ज्यानं रोवलं त्यानंच मार्टिनीला उपटायचं."

मग काठी घेऊन उठले, गोठ्यात गेले. मी मागून जाऊन पाहिलं. तुझे खांब भिंतीशी रचून ठेवलेत त्यांनी, त्यावर ताडपत्री टाकलीय. शेजारी तुझी पहार, ती नोव्हेंबरात टाकून गेला होतास ती. गंज काढून, तेल लावून.

तेव्हा कार्यालयाकडून कळवण्यात येतं की आपल्या पुढच्या दोन सुट्ट्या ठरलेल्या आहेत, मे आणि नोव्हेंबर. स्कीइंगची वेगळी. वरची मागची खोली पाहुण्यांसाठी उपलब्ध नाही, असं मी आजच यादीत लिहिलं. ती घरच्या माणसांची आहे.

बाबा उठलेत. तू उठलास का, म्हणून दोनदा विचारून झालं. तुझं नाव घेऊन विचारलं. खाली ये, कॉफी गार होतेय.

ताई